काय नेले, काय ठेवले

फॉकलंड बेटांवरील स्टॅनली बंदर सोडून दीड-दोन दिवस झाले, जमीन कोठेही दृष्टीस पडेनाशी झाली आणि वाऱ्याच्या झोतावर पंख ताणून, एकदाही न फडफडवता, अल्बट्रॉस पक्षी जहाजाच्या मागे येऊ लागले, म्हणजे साउथ जॉर्जियाला निघालेल्या जहाजाच्या दिवाणखान्यात जे दृश्य दिसते ते पर्यटनाच्या आपल्या नेहमीच्या कल्पनेत बसणारे नसते. आयुष्यभराच्या शिलकीतून तिकीट काढून, हजारो मैलांवरून आलेली वयस्क माणसे जमिनीवर मांडी घालून बसलेली असतात. कोणाच्या हाती चिमटा, कोणाच्या हाती सुई. कोणी ब्रशाने बुटाच्या तळव्यांतील खाचा घासत असतो, तर कोणी कोटाचे खिसे उलटे करून धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रापुढे धरत असतो. शोध चाललेला असतो तो गवताच्या एखाद्या बीचा, मातीच्या एखाद्या कणाचा, शिवणीत दडून बसलेल्या एखाद्या किड्याचा. आघाड्याच्या रानातून चालून आल्यावर धोतराच्या काठाला जी बी चिकटून येते ती आपण अंगणात उपटून टाकतो, आणि तेवढ्याने नकळत पेरणी होऊन जाते; साउथ जॉर्जियाच्या कारभाऱ्यांना भय आहे ते नेमक्या याच पेरणीचे. जहाज ग्रिटव्हिकेनच्या खाडीत नांगर टाकते तेव्हा सरकारी अधिकारी चढून येतो, त्या बुटांची आणि कपड्यांची तपासणी करतो, आणि त्याचे समाधान झाल्याखेरीज उतरण्याची मुभा मिळत नाही.

कायम वस्ती नसलेल्या एका बेटावर पाय ठेवण्यापूर्वी एवढी शुचिर्भूतता कशासाठी, हा प्रश्न ज्याला पडतो त्याने त्या बेटाचा अडीचशे वर्षांचा जमाखर्च पाहिला पाहिजे. येथे आलेल्या प्रत्येक जहाजाने काहीतरी नेले, किंवा काहीतरी मागे ठेवले, किंवा दोन्ही केले; आणि त्या देवघेवीच्या खुणा आजही किनाऱ्यावर उघड्या पडलेल्या आहेत.

बेटाची हकिकत थोडक्यात अशी : सुमारे १७० किलोमीटर लांब आणि कोठेही ४० किलोमीटरांहून अधिक रुंद नसलेला हा पर्वताचा कणा, फॉकलंड बेटांच्या आग्नेयेस सुमारे १,४०० किलोमीटरांवर समुद्रातून वर आला आहे. त्याचे सर्वोच्च शिखर, माउंट पॅजेट, २,९०० मीटरांहून उंच आहे. अक्षांश पाहिला तर तो ५४ ते ५५ अंश दक्षिण एवढाच. विषुववृत्तापासून उत्तरेकडे तेवढेच अंतर मोजले तर आपण बेलफास्टसारख्या गजबजलेल्या शहरी पोहोचू. तरीही या बेटाचा निम्म्याहून अधिक भाग बारा महिने बर्फाखाली असतो. याचे कारण जमिनीत नसून पाण्यात आहे. अंटार्क्टिकाभोवती अखंड फिरणारे थंडगार पाणी उत्तरेकडील उबदार पाण्याला ज्या रेषेवर भेटते आणि त्याच्या खाली शिरते, त्या ध्रुवीय सीमेच्या दक्षिणेस हे बेट पडते. ती सीमा ओलांडताना पाण्याचे तापमान थोड्याच अंतरात काही अंशांनी उतरते, धुके दाटते, आणि नकाशावर न दिसणारी हद्द अंगावर काटा येऊन कळते.

याच पाण्यात क्रिल नावाचा, बोटाएवढा, कोळंबीच्या आकाराचा जीव ढगांसारख्या थव्यांनी वाढतो. कोकणच्या बाजारात सुकवलेल्या जवळ्याच्या राशी ज्याने पाहिल्या आहेत त्याने असे समजावे, की तो जवळा बोटाएवढा झाला आहे आणि त्याच्या राशी समुद्रात मैलोगणती पसरल्या आहेत. देवमासे, फर सील, कित्येक जातींचे पेंग्विन आणि अल्बट्रॉस, सर्वांचे पोट या एका प्राण्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष चालते. आणि त्यांना पिल्ले वाढवण्यासाठी शेकडो मैलांत कोरडी जमीन म्हणून काय ती एवढीच.

अशा ठिकाणी शंभर-दोनशे प्रवाशांची जहाजे नेण्याच्या या उद्योगाला ‘एक्स्पेडिशन क्रूझ’ असे नाव आहे. स्वीडिश-अमेरिकन प्रवासव्यावसायिक लार्स-एरिक लिंडब्लाड याने १९६६ साली पर्यटकांची एक तुकडी अंटार्क्टिकाला नेली, आणि १९६९ साली या कामासाठी ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’ हे जहाज खास बांधून घेतले. तेथून ही प्रथा पडली. या शब्दाचे भाषांतर ‘मोहीम’ असे करताना माझा हात थोडा अडखळतो. आपल्याकडे ध्रुवीय मोहीम म्हटले, की १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघालेली, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम आठवते. तिसऱ्या मोहिमेतून सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासमवेत त्या बर्फाच्छादित खंडावर गेलेल्या, मूळच्या नागपूरच्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आठवतात. या देशातील ध्रुवीय संशोधनाचे केंद्र आजही गोव्यात, वास्को येथे आहे. ज्ञानासाठी हालअपेष्टा पत्करणाऱ्यांसाठी राखलेला हा शब्द तिकीट काढून येणाऱ्याने आपला म्हणवून घ्यायचा असेल, तर त्याने त्या शब्दाची शिस्तही अंगी बाणवली पाहिजे असे मला मनापासून वाटते. बूट घासणे ही त्या शिस्तीची पहिली पायरी.

आता तो जमाखर्च. १७ जानेवारी १७७५ रोजी कॅप्टन जेम्स कुक ‘रेझोल्यूशन’ या गलबतातून येथे उतरला, त्याने आपल्या राजाच्या, तिसऱ्या जॉर्जच्या, नावाने हा मुलूख ताब्यात घेतल्याचे जाहीर केले, आणि किनाऱ्याने दक्षिणेस जाता जाता हा दक्षिणेकडील महाखंड नसून केवळ एक बेट आहे असे ध्यानी येताच त्याच्या टोकाला ‘केप डिसअपॉइंटमेंट’, निराशेचे भूशिर, असे नाव देऊन तो निघून गेला. कुकने येथून नेले ते फक्त वृत्त. परंतु त्या वृत्तात किनाऱ्यावरील सील प्राण्यांचा उल्लेख होता, आणि त्याचे प्रवासवर्णन छापून निघाल्यावर दहा-अकरा वर्षांच्या आत शिकारी गलबते या खाड्यांत येऊन थडकली. फर सीलचे मऊ, दाट कातडे चीनमधील कँटनच्या बाजारात चांगल्या भावाने खपत असे. १८००-०१ च्या एका हंगामात एडमंड फॅनिंग या अमेरिकन कप्तानाच्या ‘अ‍ॅस्पेशिया’ या एकट्या गलबताने ५७,००० कातडी नेली. पुढे जेम्स वेडेल या कप्तानाने आपल्या ग्रंथात या बेटावरील एकूण कत्तलीचा अंदाज १२ लाख असा नोंदवला. मारण्याजोगे काही उरले नाही तेव्हाच ही शिकार थांबली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा प्राणी येथून नाहीसा झाला असेच लोक धरून चालले होते. या शिकाऱ्यांनी मागे ठेवले ते दोन पदार्थ : चरबी वितळवण्याच्या लोखंडी कढया, आणि गलबतांतून उतरलेले उंदीर. कढयांनी खाडीला नाव दिले. ग्रिटव्हिकेन म्हणजे कढयांची खाडी. उंदरांनी काय केले ते पुढे येईल.

१६ नोव्हेंबर १९०४ रोजी कार्ल अँटन लार्सेन हा नॉर्वेजियन कप्तान, ब्युनॉस आयर्स येथील भांडवलावर, साठ माणसे आणि कारखान्याचे सुटे भाग घेऊन याच खाडीत उतरला, आणि देवमाशांच्या संहाराचे पर्व सुरू झाले. पहिल्या हंगामात त्याच्या शिकारी बोटींना खाडीबाहेर फारसे जावेच लागले नाही, इतके देवमासे दाराशी पोहत होते. यथावकाश बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर असे सहा कारखाने उभे राहिले. ओढून आणलेले धूड लाकडी उतारावर घेऊन, लांब दांड्याच्या वाकड्या सुऱ्यांनी त्याची चरबी सोलून काढत आणि वाफेच्या पिंपांत वितळवत. ते तेल साबणात गेले, मार्गारिनमध्ये गेले, आणि पहिल्या महायुद्धात त्यातील ग्लिसरीन स्फोटकांत गेले. १९०४ ते १९६५ या काळात साउथ जॉर्जियाच्या किनाऱ्यावर १,७५,२५० देवमाशांची नोंद झाली. मी हा आकडा अक्षरी लिहून पाहिला : एक लाख पंचाहत्तर हजार दोनशे पन्नास. आकडा अक्षरी लिहिला की जरा सावकाश वाचावा लागतो, आणि सावकाश वाचला तरच त्याचे ओझे कळते.

यात कायदा नव्हता असे मात्र नाही. १९०९ पासून ग्रिटव्हिकेनजवळच्या किंग एडवर्ड पॉइंट येथे ब्रिटिश दंडाधिकारी बसत असे, परवाने देत असे, जकात वसूल करत असे. एलिफंट सीलच्या शिकारीसाठी किनाऱ्याचे चार विभाग पाडून दरसाल एकाला विश्रांती देण्याचा शिरस्ता होता, आणि फक्त मोठे नर मारण्याची परवानगी होती. म्हणून त्या प्राण्याची जात टिकली. देवमाशांचा प्रश्न दप्तरात मावणारा नव्हता. तेल गाळण्याची सोय जहाजावरच असलेले तरते कारखाने निघाल्यावर शिकार खुल्या समुद्रात गेली, जेथे कोणत्याही दंडाधिकाऱ्याचा अंमल चालत नव्हता, आणि अखेर देवमासेच सापडेनासे झाल्यामुळे कारखाने बंद पडले.

आज ग्रिटव्हिकेनला उतरणारा प्रवासी त्या कारखान्याच्या गंजलेल्या टाक्यांमधून चालतो, तेव्हा वाटेवर फर सील पहुडलेले असतात. १९१३ च्या नाताळात प्रतिष्ठा झालेले पांढरे लाकडी चर्च तेथे उभे आहे. पूर्वीच्या व्यवस्थापकाच्या घरात वस्तुसंग्रहालय आहे. आणि टेकडीच्या पायथ्याशी, पांढऱ्या कुंपणाच्या आत, अर्नेस्ट शॅकल्टनची समाधी आहे.

शॅकल्टनची कथा येथे पुन्हा सांगण्याचे कारण, की या बेटावर येऊन काहीही न लुटता केवळ आसरा मागणारा तो एक होता. ५ डिसेंबर १९१४ रोजी तो ग्रिटव्हिकेनहूनच ‘एंड्युरन्स’ घेऊन दक्षिणेस गेला. गोठलेल्या समुद्राने ते जहाज चिरडले, माणसे बर्फावर राहिली, एलिफंट बेटावर पोहोचली. आणि तेथून २२ जणांना मागे ठेवून सहा जण ‘जेम्स केअर्ड’ या सात मीटरांच्याही आतल्या होडीने सुमारे ८०० सागरी मैल पार करून १० मे १९१६ रोजी साउथ जॉर्जियाला लागले. पण लागले ते उलट्या, निर्मनुष्य किनाऱ्याला. मध्ये ज्याचा नकाशाही झालेला नव्हता असा पर्वत होता. शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन या तिघांनी दोराचा एक तुकडा आणि सुताराचे एक वाकस एवढ्या साधनांनिशी ३६ तासांत तो ओलांडला, आणि बर्फावर पाय निसटू नये म्हणून होडीतले पितळी स्क्रू काढून बुटांच्या तळव्यांत ठोकले होते. २० मे रोजी ते स्ट्रॉमनेसच्या कारखान्यात चालत आले. ऑगस्टअखेर चिलीच्या ‘येल्चो’ या बोटीने एलिफंट बेटावरचे बावीसही जण सुखरूप बाहेर आले. १९२२ च्या ५ जानेवारीला, पुढच्या मोहिमेवर निघालेला शॅकल्टन याच खाडीत, जहाजावर, हृदयविकाराने गेला, आणि पत्नीच्या इच्छेनुसार त्याला येथेच ठेवण्यात आले. ‘एंड्युरन्स’चा सांगाडा २०२२ च्या मार्चमध्ये वेडेल समुद्राच्या तळाशी, ३,००० मीटरांवर, सापडला.

आणि तरीही, प्रवाशांना विचारले तर बहुतेक जण ना समाधीबद्दल बोलतील, ना कारखान्याबद्दल. ते बोलतील सेंट अँड्र्यूज खाडीच्या सकाळबद्दल. रबरी होडी किनाऱ्याला टेकण्यापूर्वीच वास येतो, मग आवाज येतो, आणि मग धुके वर सरकले की समोरच्या सपाटीवर, हिमनदीच्या पायथ्यापर्यंत, उभी माणसे असावीत तसे किंग पेंग्विन दिसतात : सुमारे दीड लाख जोड्यांची वसाहत. हा पक्षी घरटे बांधत नाही. आपले एकुलते एक अंडे तो पायांवर घेतो, पोटाच्या घडीखाली झाकतो, आणि नर-मादी पाळीपाळीने सुमारे ५४ दिवस ते असे उभ्याने उबवतात. अंड्यापासून पिल्लू स्वतंत्र होईपर्यंत वर्षाहून अधिक, चौदा-सोळा महिने लागतात. म्हणून या वसाहतीत एकाच वेळी अंडी असतात, कालची पिल्ले असतात आणि तपकिरी लोकरीत गुरफटलेली, आईबापांहून जाड दिसणारी गतवर्षीची पिल्लेही असतात. हिवाळ्यात मासे दूर जातात, आईबाप आठवडेच्या आठवडे परतत नाहीत, आणि पिल्ले एकमेकांना बिलगून, अंगच्या चरबीवर तग धरून राहतात. शेवटी परतलेली आई त्या हजारोंच्या गर्दीत आपले पिल्लू ओळखते ती केवळ हाकेवरून. हे मी अनेकदा वाचले आहे, आणि प्रत्येक वेळी वाचताना थांबतो.

पेंग्विनांच्या वाटेत एलिफंट सील आडवे पडलेले असतात. नर पाच मीटर लांब आणि चार टनांपर्यंत वजनाचा. मादी त्याच्या मानाने इतकी लहान, की दोघे एका जातीचे वाटू नयेत. मादी पिल्लाला जेमतेम तीन आठवडे दूध पाजते, त्या काळात स्वतः काही खात नाही, आणि मग त्याला किनाऱ्यावर सोडून समुद्रात निघून जाते. ती पोरकी, गोलमटोल पिल्ले माणसाकडे सरपटत येतात, बुटाचा वास घेतात. प्राण्यापासून पाच मीटर दूर राहावे हा नियम प्रवाशाला बंधनकारक आहे, पिल्लाला नाही. एका वेळी शंभराहून अधिक माणसे किनाऱ्यावर नसावीत, प्राण्याने वाट ओलांडली तर माणसाने थांबावे, खाऊ म्हणून बिस्किटाचा तुकडाही किनाऱ्यावर नेऊ नये, हे नियम १९९१ साली स्थापन झालेल्या अंटार्क्टिक पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनेने स्वतःवर घालून घेतले आहेत, आणि बेटाच्या सरकारचे नियम त्याहून कडक आहेत.

फर सील परतले ते एका चिंचोळ्या धाग्यावरून. बेटाच्या वायव्य टोकाजवळच्या बर्ड आयलंडवर १९३० च्या दशकात मूठभर प्राणी आढळले. त्यांच्यापासून वाढत वाढत त्यांची संख्या लक्षावधींत गेली, आणि डिसेंबरात कित्येक किनारे त्यांनी इतके व्यापलेले असतात की होडी लावायला जागा मिळत नाही. देवमाशांचे पुनरागमन मंद आहे. निळा देवमासा दशकानुदशके क्वचितच दिसला. २०२० च्या सर्वेक्षणात मात्र शास्त्रज्ञांनी या पाण्यात पन्नासहून अधिक मोजले.

परंतु निसर्ग आपला आपण परतेल असे म्हणून हात जोडून बसणे उंदरांच्या बाबतीत शक्य नव्हते. गलबतांतून आलेल्या उंदरांनी जमिनीवर आणि बिळांत घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले खाऊन मुख्य बेटाचा बहुतेक किनारा मुका केला होता. पिपिट हा आपल्या तिरचिमणीच्या कुळातला, जगात सर्वांत दक्षिणेला राहणारा गाणारा पक्षी, उंदीर न पोहोचलेल्या लहान बेटांवरच उरला होता. संपूर्ण बेटावर एकदम उंदीर मारणे अशक्य वाटे. पण समुद्रापर्यंत उतरलेल्या हिमनद्यांनी किनाऱ्याचे वेगवेगळे कप्पे पाडले होते, आणि बर्फ ओलांडून उंदीर एका कप्प्यातून दुसऱ्यात जात नसत. म्हणजे एकेक कप्पा घेऊन काम करता येण्याजोगे होते. मात्र तातडीने, कारण हवामान तापत चालले आहे, हिमनद्या मागे हटत आहेत, आणि त्या भिंती कोसळल्या की संधी गेली. २०११, २०१३ आणि २०१५ या वर्षांत हेलिकॉप्टरांतून शेकडो टन विषारी आमिष टाकण्यात आले. नंतर शिकवलेले कुत्रे घेऊन माणसांनी किनारा पिंजून काढला, आणि २०१८ च्या मे महिन्यात बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. १९११ पासून नॉर्वेजियनांनी मांसासाठी आणून सोडलेल्या रेनडियरांचा वंशही, त्यांनी गवत उद्ध्वस्त केल्यामुळे, याच काळात संपवण्यात आला. सहा हजारांहून अधिक प्राणी मारावे लागले. हा निर्णय सोपा नव्हता, आणि तो सोपा मानणाऱ्यांपैकी मी नाही. पण आता ग्रिटव्हिकेनच्या थडग्यांमागील टसॉक गवतात पिपिट गातो, आणि हे गाणे त्या निर्णयावाचून ऐकू आले नसते.

भटक्या अल्बट्रॉसचे दुःख निराळे आहे, कारण त्याचे वैरी बेटावर नाहीत. साडेतीन मीटरांपर्यंत पंख पसरणारा हा पक्षी दोन वर्षांतून एकदा एकच अंडे घालतो, आणि त्याचे पिल्लू सबंध हिवाळा घरट्यावर, बर्फाच्या वादळांत, एकटे बसून काढते. बर्ड आयलंडवर १९५८ पासून त्यांच्या पायांत कडी घालण्यास आरंभ झाला, आणि त्यांतील काही पक्षी थेट ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापाशी सापडले. तेवढ्या विस्तारात कोठेही मासेमारी जहाजाने मैलोगणती लांब दोरीला आमिषाचे गळ लावून सोडले, की तो गळ बुडण्याआधी पक्षी त्यावर झडप घालतो आणि खाली ओढला जातो. साउथ जॉर्जियाच्या पाण्यात रात्रीच दोर सोडणे, दोरांना वजने लावणे, पक्ष्यांना बुजवणाऱ्या फिती टांगणे आणि उन्हाळ्यात मासेमारी बंद ठेवणे यांमुळे हे मृत्यू जवळजवळ थांबले आहेत. २०१२ पासून दहा लाख चौरस किलोमीटरांहून मोठा समुद्र येथे संरक्षित आहे. पण पक्षी हद्द मानीत नाही, आणि बर्ड आयलंडवरील जोड्या १९६० च्या दशकातल्या संख्येच्या निम्म्याहून खाली आल्या आहेत. प्रायन आयलंडवर लाकडी वाटेवरून एका वेळी पन्नासच माणसांना जाऊ देतात. तेथे घरट्यावर बसलेला तो विशाल पांढरा पक्षी माणसाकडे शांतपणे पाहतो.

जहाजाने साउथ जॉर्जियाला जाणे हे स्वतःच तेल जाळणे आहे, ही गोष्ट लपवून चालणार नाही. ज्या तापमानवाढीने हिमनद्या हटत आहेत तिच्यात या प्रवासाचाही वाटा आहे. मी एवढेच म्हणेन, की उंदरांविरुद्धच्या मोहिमेला पैसा ज्यांनी दिला त्यांत तेथे एकदा उतरून आलेले प्रवासीही होते.

२०२३ च्या ऑक्टोबरात बर्ड आयलंडवर स्कुआ पक्षी मरू लागले. तपासणीअंती बर्ड फ्लूचा घातक विषाणू निघाला. अंटार्क्टिक प्रदेशातली ही त्याची पहिली नोंद. तो कोणाच्या बुटातून आला नव्हता. दक्षिण अमेरिकेकडून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी तो आणला असे शास्त्रज्ञ मानतात. पुढे तो एलिफंट सीलमध्ये शिरला, आणि तीन सर्वांत मोठ्या वसाहतींवरून घेतलेल्या छायाचित्रांची २०२२ ची आणि २०२४ ची मोजणी ताडून पाहता वीण करणाऱ्या माद्या ४७ टक्क्यांनी कमी भरल्या. रोग दिसलेले किनारे सरकारने प्रवाशांना बंद केले. रोग पहिल्यांदा आला त्या हंगामात कित्येक होड्या वाळूला टेकल्या नाहीत. चालकाने यंत्र मंद केले, माणसे लाटांवर हेलकावत दुर्बिणीतून किनाऱ्याकडे पाहत राहिली, आणि आदल्या रात्री सुईने कोरून कोरून स्वच्छ केलेले त्यांचे बूट होडीच्या तळाशी तसेच राहिले.